बामोस

सावळजच्या बेदाणा शेडवर
आम्ही चौदा बायका आणि एक मोबाईल,
पाण्याच्या कळशीला टेकवून उभा.
त्यात बारा माणसांचं घर,
घड्याळ नसलेलं.
देश कुठला ते नसीम सांगते : कोलंबिया.
हौसाक्का म्हणते, कवठ्याच्या पुढं असंल.

ती माणसं बोलतात
तापल्या वाळूत हरभरे टाकावेत तशी.
खाली हिंदी अक्षरं उमटतात आणि पळतात.
वाचणारी मी.
बारावी नापास, पण नजर तेज :
काडी, काळा मणी, फुटका मणी
आणि ओळ,
सगळं एकाच डोळ्यानं निवडायचं.
हात हिरव्या मालात, तोंड मराठीत.
पासवर्ड मालकाच्या भाच्याचा.
त्याला वाटतं आम्ही कीर्तनं लावतो.

पहिल्या आठवड्यात छबूताईनं पदर तोंडावर घेतला.
पोहायच्या टाकीपाशी
अर्ध्या कपड्यांतली भांडणं चालली होती.
डोळे मात्र तिनं झाकले नाहीत.
तिसऱ्या आठवड्यात तीच विचारत होती,
"त्या टकल्यानं माफी मागितली का न्हाई?"

येसेनिया नावाची एक आहे त्यात.
तिची आम्ही येसाक्का केली.
मक्याची जाड भाकरी थापते,
आणि हौसाक्का इकडून हळहळते,
"काठ फाटतोय बाई, पाण्याचा हात लाव."
ती नाही लावत.

आता जेवणाची सुट्टी झाली की
"चला गं" कुणी म्हणत नाही.
बामोस म्हणतात.
हमाल सलीमसुद्धा,
पंधरा किलोचा बॉक्स खांद्यावर घेताना : बामोस.
वजन पंधराच राहतं.

त्या घरात एकसष्ट कॅमेरे.
आमच्या शेडवर एक, पत्र्याखाली.
मालक तासगावात बसून बघतो,
कोण मूठभर तोंडात टाकतंय.
नसीम म्हणाली, आपण पण आतच आहोत की,
फक्त आपल्याला कोण मत देत नाही.
कुणी हसलं नाही.
मग सगळ्याच हसल्या, गंधकानं ठसका लागेपर्यंत.

सहाव्या आठवड्यात येसाक्काची लेक आली
काचेच्या पलीकडं. सात वर्षांनी.
हौसाक्काचे हात थांबले.
तिची मंगल विट्याच्या पोराबरोबर गेली ती
तिकडं कोइमतुरात, गलाईच्या दुकानावर.
नऊ दिवाळ्या झाल्या.
हे चौदाजणींना माहीत आहे
आणि चौदाजणी त्याच्यावरनं पाय उचलून चालतात.

लेकीनं काचेवर तळवा ठेवला. बोलली.
खाली आलं :
मैं तुम्हें माफ़ करने नहीं आई हूँ.

"काय म्हणाली?"

म्हणते, आई, किती वाळलीस गं.
म्हणते, तुझ्या भाकरीचा काठ अजून फाटतोच.
म्हणते, वाट चुकले नव्हते मी,
फोन हातात घ्यायची, नंबर पाठ होता,
लाज आडवी यायची. एवढंच.

पडद्यावर येसाक्का ओंजळीत तोंड लपवून बसलेली.
हौसाक्कानं एक काडी वेचली,
बघितली, बाजूला टाकली.
दुसरी वेचली.

संध्याकाळी चपला शोधताना म्हणाली,
"अक्षरं तर एकच वळ हुती.
तू लई येळ वाचलंस."
मी मान खाली घातली.
तिनं माझ्या केसातला बेदाण्याचा देठ काढला
आणि गाडीत जाऊन बसली.

सोमवारी भाच्यानं पासवर्ड बदलला.
कोण जिंकलं, कळलं नाही.
टकल्याचं काय झालं, तेही नाही.
फोन आता बंदच असतो, कळशीला टेकवलेला,
सवयीनं.

दुपारी माल बदलतो, हिरवा संपतो, पिवळा येतो,
आणि हौसाक्का वर न बघता विचारते,
"आज काय म्हणाली लेक?"

मी काळ्या काचेकडं बघते
आणि वाचायला लागते.